पत्रकारितेचा वर्ग आणि आपल्या मुली

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की आगाशीपासून पापडीपर्यंत घरोघरी एकच विषय असतो. आता पुढे काय? पूर्वी उत्तरं ठरलेली होती. डी.एड., नर्सिंग, बी.कॉम., फार तर संगणकाचा एखादा कोर्स. हल्ली या यादीत एक नवं नाव आलंय. मुलगी म्हणते, ‘मला मास मीडिया करायचंय, पत्रकार व्हायचंय.’ आई विचारते, म्हणजे टीव्हीवर दिसणार का? बाबा विचारतात, नोकरी लागते का? आणि आजी विचारते, रात्री घरी किती वाजता येणार?

मला विचाराल तर तिघांत आजीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मराठी पत्रकारितेत बायका इतक्या उशिरा का आल्या, याचं निम्मं उत्तर त्या प्रश्नात आहे. मी स्वतः हा विषय शिकवते, तेव्हा माझं बोलणं थोडं विषयाच्या बाजूने झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवते.

आणखी एक गंमत सांगते. आपण ज्या सामुदायिक रेडिओवरून बोलतोय, त्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सरकारचा नियमच तसा आहे; आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावायच्या, बस्स. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीची माहिती, एवढं मात्र चालतं. त्यामुळे बातमीदारी कशी शिकायची हे मी इथून सांगू शकते, बातमी मात्र देऊ शकत नाही!

तर मूळ मुद्दा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं मराठीत वर्तमानपत्रं निघाली, गाजली, बंद पडली, संपादक तुरुंगात जाऊन आले. शिकायची जागा मात्र एकच होती, छापखाना आणि त्याला लागून असलेली कचेरी. पोरसवदा मुलगा तिथे चिकटायचा. आधी मुद्रितं तपासायची, मग तारा मराठीत आणायच्या, मग एखादं स्फुट लिहायचं, आणि रात्री शेवटचं पान लागेपर्यंत थांबायचं. उत्तम शाळा होती ती, मोठमोठी माणसं तिथे तयार झाली. पण तिथे मुलींना प्रवेश नव्हता. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. लावायची गरजच नव्हती. रात्री दोन वाजता छापखान्यातून एकटी घरी जाणारी बाई कुणी खपवून घेतली असती?

म्हणूनच तानुबाई बिर्जे यांचं नाव अजूनही अपवाद म्हणून घ्यावं लागतं. सत्यशोधक चळवळीचं ‘दीनबंधु’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलं. पुढे ते वासुदेवराव बिर्जे चालवत होते. १९०६ साली ते गेले आणि संपादकाची जबाबदारी तानुबाईंनी उचलली. मराठी वर्तमानपत्राच्या पहिल्या स्त्री-संपादक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या कर्तबगारीबद्दल शंकाच नाही. पण त्यांच्यापर्यंत वर्तमानपत्र पोचलं ते घरातून, हेही लक्षात घ्या. ज्या बाईच्या घरात वर्तमानपत्र नव्हतं, तिने काय करायचं?

तिच्यासाठी वर्ग हवा होता. अर्थात विद्यापीठांनी वर्ग काढले ते काही बायकांचा विचार करून नव्हे. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचं महाविद्यालय उघडलं होतं. आपल्याकडे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये पृथ्वीपाल सिंग यांनी वर्ग सुरू केला. फाळणीनंतर तो इकडे आणावा लागला. स्वातंत्र्य मिळालं, तसं वर्तमानपत्र हे व्रत आहे की पोटापाण्याचा व्यवसाय आहे, हा वाद ऐरणीवर आला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालानंतर, १९५५ मध्ये, श्रमिक पत्रकारांचा कायदा आला. पगार, कामाचे तास, रजा यांना काही धरबंध आला. नोकरी म्हटली की तिच्यासाठी शिक्षण लागतं. व्रताला कोण पदवी विचारतो?

महाराष्ट्रात या शिक्षणाची सुरुवात नागपुरात झाली, हे पुण्या-मुंबईच्या माणसांच्या लक्षात नसतं. १९५२ मध्ये तिथल्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग निघाला. तो उभा करायला अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वुल्झली नावाचे प्राध्यापक आले होते. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट ती हीच. पदवी झाल्यावर आणखी एक वर्ष शिकायचं आणि बी.जे. व्हायचं, अशी रीत बरीच वर्षं होती. तिथे शिकवायला येणारे बरेचसे लोक दिवसा किंवा रात्री कुठल्या तरी वर्तमानपत्रात काम करणारे असत. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे अरुण साधू आयुष्यभर पत्रकारिता करून मग या विभागाचे प्रमुख झाले. मंत्रालयाचा जिना ज्याने झिजवलाय, त्याच्याकडून राजकीय बातमी शिकणं आणि पुस्तकातून तिची व्याख्या पाठ करणं, यात पोहण्याच्या तलावात आणि पोहण्याच्या पुस्तकात आहे तेवढा फरक आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये हा विभाग रानडेच्या जागेतून विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात हलवायची आणि तिथल्या दुसऱ्या विभागात मिळवायची गोष्ट निघाली. आजी-माजी विद्यार्थी खवळून उठले, शासनाला मध्ये पडावं लागलं आणि ते थांबलं. बाहेरच्या माणसाला वाटेल, चार-पाच किलोमीटरचा तर प्रश्न, एवढा गहजब कशाला? पण रानडेतून बाहेर पडलं की पायी जाण्याच्या अंतरावर सभा, नाटकं, मोर्चे सगळं असतं. पत्रकारितेचा वर्ग गावाच्या मध्ये असला तरच त्याला काही अर्थ असतो. आणि मुलींच्या बाबतीत जागा कुठे आहे, यावर शिकणं होणार की नाही हेच ठरतं. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. सकाळी सातची गाडी, संध्याकाळी परतीची गर्दी. या प्रवासापायी किती जणींनी शिकायचा विचार सोडला, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

म्हणूनच माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्यात मोठी घटना म्हणजे २००० साल. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने बी.एम.एम. हा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणला. आता नाव बदलून बी.ए.एम.एम.सी. झालंय, पण मुलं अजून बी.एम.एम.च म्हणतात. बारावीनंतर थेट प्रवेश, कुठल्याही शाखेची मुलं, आणि विद्यापीठाच्या इमारतीत न जाता गावोगावच्या महाविद्यालयांत वर्ग. बोरिवली, भाईंदर करत करत ते आपल्या वसई-विरारपर्यंत आले. जी मुलगी चर्चगेटला कधी गेली नसती, ती रिक्षाने कॉलेजात जाऊन पत्रकारिता शिकू लागली. माझ्या वर्गात मुली नेहमी निम्म्याहून अधिक असतात. छापखान्याच्या रात्रीने जे दार बंद ठेवलं होतं, ते दिवसाच्या वर्गाने उघडलं. त्या मानाने या बदलाचं कौतुक कमी झालं.

आता दुसरी बाजू. हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित आहे. म्हणजे शिक्षकांचा पगार मुलांच्या फीमधून निघतो, म्हणून फी जास्त. शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता, यातलं एक निवडायचं असतं, आणि बरीच मुलं जाहिरातीकडे वळतात. त्यात वाईट काही नाही. घरभाडं जाहिरातीच्या पगारातून भरता येतं. पण मला खरी काळजी वाटते ती भाषेची. अभ्यासक्रम निघाला इंग्रजीतून. पुढे पार्ल्याचं साठ्ये, माटुंग्याचं रुईया अशा काही महाविद्यालयांनी तो मराठीतून सुरू केला, ही चांगली गोष्ट झाली. बाकी बहुतेक ठिकाणी मात्र आमची मुलगी नोट्स इंग्रजीत उतरवते, विचार मराठीत करते आणि घरी वाडवळी नाही तर कादोडी बोलते. तीन वर्षांनी तिला यातल्या एकाही भाषेत सरळ बातमी लिहिता येत नाही, अशी वेळ येते.

एक उदाहरण देते. माझी एक विद्यार्थिनी, फुलबागायतदाराच्या घरातली. आपल्याकडच्या कितीतरी बायका पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला जातात, हे तुम्हाला सांगायला नको. तिने त्यावर लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा आणला तो असा, की वसईच्या फुलवाल्या महिला म्हणजे महिला सक्षमीकरणाचं उत्तम उदाहरण आहेत. दोन पानं असंच. मी विचारलं, ‘टोपली किती किलोची? कळ्या खुडतं कोण? किती वाजता?’ तिला माहीत होतं, कारण ती लहानपणापासून बघत आलीये, पण ते लिहायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या मसुद्यात वेळा आल्या, वजनं आली, भाव आले. श्रावणात भाव कसा चढतो आणि भर पावसात माल कसा भिजून जातो, तेही आलं. छान झालं होतं. पण कळ्या खुडणाऱ्या आदिवासी बाया मात्र एका ओळीत संपल्या होत्या. मी म्हटलं, ‘त्यांना मजुरी किती मिळते?’

मुलगी गप्प. कारण त्या बाया तिच्या काकूच्याच वाडीत खुडायला येत होत्या.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. तिने आधी त्या बायांना विचारलं होतं आणि मग काकूला. काकू म्हणाली, ‘आता आपल्याच घरचं छापणार का गो?’ पुढे काकूने आपला हिशोबही मांडला: रोपं, खत, पाणी, गाडीचा पास, दादरला बसायची जागा, आणि हातात उरतं ते. म्हणजे काकू काही खोटी नव्हती आणि त्या बायांची मजुरी कमी होती, हेही खोटं नव्हतं. आमच्या वर्गात यावर दोन तास कडाक्याचं भांडण झालं. नाव छापायचं का? वाडी कुठली ते सांगायचं का? आपल्या नातेवाइकाबद्दल आपणच लिहावं का, की दुसऱ्या कुणाला लिहायला द्यावं? शेवटी ठरलं की वर्गातल्या दुसऱ्या मुलीने आणखी तीन वाड्यांत जाऊन मजुरी विचारायची आणि लेख दोघींच्या नावाने यायचा, कुणाचंही नाव न देता. आमच्या वर्गाचं एक भित्तिपत्र आहे, त्यावर तो लागला. काकू काही दिवस बोलत नव्हती, असं ऐकलं. आता बोलते.

पत्रकारितेच्या वर्गात काय शिकवतात असं कुणी विचारलं, तर मी हे सांगते. कॅमेरा धरायला आठ दिवसांत येतं. मोबाइलवर तर तुमची सहावीतली नातही व्हिडिओ जोडते. आपल्या माणसाला अवघड प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर इमानाने लिहायचं, याला मात्र वेळ लागतो. ते एकट्याने घरी बसून येत नाही. वर्गात बाकीच्या पंचवीस जणी भांडायला हव्यात. आणि ती मुलगी त्या बायांशी आणि काकूशी घरच्या भाषेत बोलली म्हणून तिला हे सगळं मिळालं. इंग्रजी प्रश्नावली घेऊन गेली असती तर पाणी पिऊन परत आली असती.

आपल्या वसईला हे नवं नाही. ‘सुवार्ता’ मासिक इथलंच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत त्याचं संपादन केलं. धर्माच्या मासिकात पाणी, झाडं, जमिनी, गुंडगिरी यांवर लिहिलं गेलं. हरित वसईच्या चळवळीत फादर स्वतः उतरले होते. गावातल्या कितीतरी जणांनी आणि जणींनी आपलं पहिलं लिखाण तिथे दिलं. तेच फादर पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आमच्या मुलांना मी ‘सुवार्ता’चे जुने अंक वाचायला लावते. गावाला धरून कसं लिहायचं, ते त्यातून कळतं.

आणि गरज तर आज जास्त आहे. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्ही गॅलरीतून बघताच. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. पूर्वी कामासाठी ठाण्याला जात होतो, आता पालघरला. २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासकच कारभार बघत होते. नगरसेवकांची सभा नाही म्हटल्यावर सभेची बातमीही नाही. अशा वेळी बातमीदाराला ठरावांचे कागद वाचता यावे लागतात, माहितीच्या अधिकारात अर्ज करता यावा लागतो, अंदाजपत्रकातला पाण्याचा आकडा शोधता यावा लागतो. एवढ्या मोठ्या शहराच्या वाट्याला मुंबईच्या वर्तमानपत्रात किती जागा येते? एखादा कोपरा. तो कोपरा भरायला इथली, इथे राहणारी मुलगी हवी. रात्रीची शेवटची गाडी पकडायची चिंता तिला कमी, आणि गावही तिला ओळखतं.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. नोकरी लागते का? खरं सांगते, लागते, पण सुरुवातीचा पगार कमी असतो. छोट्या पत्रांत वार्ताहराला बातमीमागे पैसे मिळतात, आणि तेही वेळेवर मिळतील याची खात्री नसते. मात्र हे शिक्षण एकाच कामाला उपयोगी पडतं असं नाही. भाषांतर, रेडिओ, रुग्णालयांचा किंवा संस्थांचा जनसंपर्क, वर्तमानपत्रांच्या मोबाइल आवृत्त्या, अशी कामं आहेत. शासनाच्या माहिती व जनसंपर्क विभागातल्या माहिती अधिकाऱ्यासारख्या पदांसाठी पत्रकारितेचं शिक्षण विचारलं जातं, तीही वाट आहे. आणि उलट्या बाजूने, पत्रकार व्हायला ही पदवी असलीच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. म्हणून नुसत्या कागदासाठी एवढी फी भरू नका.

फी भरण्याआधी कॉलेजात जा आणि चार गोष्टी विचारा. आईने विचारलं तरी चालतं, लाजू नका. शिकवणाऱ्यांपैकी कुणी प्रत्यक्ष वर्तमानपत्रात, रेडिओवर काम केलंय का? मुलांचं स्वतःचं पत्र, भित्तिपत्र, काहीतरी निघतं का, आणि गेल्या वर्षीचा अंक दाखवाल का? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. तिथे गडबड लगेच कळते. कॅमेरा आणि माइक मुलांच्या हातात देता की कपाटात ठेवता? मराठीत लिहिलेलं काम तपासायला कुणी आहे का? आणि तिसऱ्या वर्षी मुलींना काम शिकायला बाहेर पाठवता, तेव्हा कुठे पाठवता, पैसे मिळतात का, आणि जाण्यायेण्याचं काय?

इथे आजीचा प्रश्न पुन्हा येतो. मुलीला ‘नको जाऊ’ म्हणण्याऐवजी तिला घेणाऱ्यांना प्रश्न विचारायला शिकवा. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि शिकाऊ मुलगी पगारी नसली तरी तिलाही हा कायदा लागू आहे. पहिल्याच दिवशी समितीच्या अध्यक्षांचं नाव विचारून वहीत लिहून घ्यायचं. उशीर झाला तर गाडीची सोय कोण करणार, हेही विचारायचं. ज्या कचेरीला हे प्रश्न आवडत नाहीत, ती कचेरी सोडून द्यायची.

ज्यांना कॉलेजात जाणं जमणारच नाही, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तिथे वृत्तपत्रविद्या मराठीतून शिकता येते, अभ्यासकेंद्रातून, घरचं काम सांभाळून. भारतीय जनसंचार संस्थेचं अमरावतीला केंद्र आहे, तिथे पदवीनंतर मराठी पत्रकारितेची पदविका करता येते. लांब आहे, पण ज्या मुलीला खरंच यातच राहायचंय तिने चौकशी करावी. आणि हे मी फक्त मुलींसाठी सांगत नाहीये. ऐकणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणी असतील, ज्या बचत गटाचे इतिवृत्त नेटकं लिहितात, मंडळाच्या अहवालाला हात लावतात, वर्तमानपत्राला पत्रं पाठवतात. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर तुमच्याच वयाच्या बायका भेटतील.

प्रवेशाच्या तारखा, लागणारे दाखले आणि फीमधल्या सवलतींची माहिती पुढच्या कार्यक्रमात सांगणार आहोत. तोवर मुलीला एक काम द्या. आपल्या गल्लीत पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ येतं, ते तिने आठवडाभर लिहून ठेवायचं, आणि शेजारच्या पाच घरांतही विचारायचं. तो कागद घेऊन शुक्रवारी दुपारी केंद्रावर या, मी तीन ते पाच तिथे असते. आलात की तुम्ही बाजूच्या खुर्चीवर बसा आणि बोलू द्या तिला.